आत्याकडचा प्रसंग

राजवाड्यामागची गल्ली, तंजावूर
बुधवार, ६ ऑगस्ट २०२५

श्री. सेतुराम यांस,

काल, मंगळवार दिनांक ५ ऑगस्ट रोजी, संध्याकाळी पाच वाजून अठ्ठावीस मिनिटांनी, तुमच्या ‘अनुमान’ अभ्यासवर्गात माझ्या भाचीवर अन्याय झाला. वेळ मी अंदाजाने लिहीत नाही. सदतीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉलच्या वेळा लिहिल्या, त्यातली शेवटची बारा सुपरवायझर म्हणून. हरिता दारात पाऊल टाकत होती आणि तुमच्या भिंतीवरचं घड्याळ पाच अठ्ठावीस दाखवत होतं, असं तिने मला सांगितलं. म्हणजे वर्ग सुरू व्हायला दोन मिनिटं होती. तिने दप्तरही खाली ठेवलं नव्हतं.

तेवढ्यात तुम्ही तिला म्हणालात, “जुलैपासून तू संध्याकाळी आत्याकडे जायला लागलीस आणि जुलैपासूनच तुझे गुण उतरलेत. आधी घरचं सांभाळ. तू पुढच्या वर्षीच्या तुकडीत बस.” हे एकवीस मुलांसमोर.

तुमची पहिली तुकडी येत्या डिसेंबरात कायद्याच्या प्रवेशपरीक्षेला बसते. दुसरी पुढच्या. एका वाक्यात तुम्ही मुलीचं एक वर्ष पुसलंत. माझा भाऊ सुरेंद्र पापनाशमला तालुका कचेरीत आहे. साहेब म्हणतील ते खरं मानायची त्याला नोकरीने सवय लावली आहे. त्याने लगेच फोनवरच फर्मान काढलं की आत्याकडे जाणं बंद. काल वर्गातून निघाल्यावर हरिता माझ्या दाराशी आली, वही परत ठेवली, म्हणाली, “अय्यो आत्या, तुला कोप येईल, पण मी आता येणार नाही,” आणि गाडी पकडायला गेली.

ती वही माझ्या आईची. स्वयंपाकाची. देवनागरीत लिहिलेली. आमच्या तंजावुरी मराठी लोकांची मुलं घरात मराठी बोलतात, पण ‘क’ दाखवला तर तमिळ ‘क’ कुठला म्हणून विचारतात. हरिता महिन्याभरात अक्षरं शिकून डांगराच्या कृतीपर्यंत आली होती.

आता तुमच्या युक्तिवादाकडे वळते. हरिताची पुस्तिका मी वाचली आहे. पान एकेचाळीसवर तुम्ही स्वतः लिहिता : ‘अ नंतर ब झालं, म्हणून अ मुळे ब झालं, असं म्हणणारा न बोलता काहीतरी गृहीत धरतो. दुसरं कारण नाही, हे गृहीतक. उलटं नाही, हे गृहीतक. निव्वळ योगायोग नाही, हेही गृहीतक. विद्यार्थ्याने ते शोधून काढावं.’ सुंदर लिहिलंय. वाचलंत का कधी?

आमच्या एक्स्चेंजमध्ये दर शुक्रवारी सकाळी अकराला एक लाइन मरायची. साहेबांनी ठरवलं की शुक्रवारी बाजार असतो, फोन वाढतात, म्हणून मरते. सहा महिने त्यांनी बाजाराला शिव्या दिल्या. मग एका शुक्रवारी मी खुर्ची टाकून तिथेच बसले. पूजेसाठी शुक्रवारी फरशी धुतली जायची आणि पाणी केबलच्या पेटीत जायचं. बाजाराचा काहीएक संबंध नव्हता. तुमच्या युक्तिवादात मी बाजार आहे.

मी तिला रोज सव्वापाचला सोडते. चालत बारा मिनिटं. एक दिवस उशीर केलेला नाही. मग गुण का उतरले, ते शोधणं तुमचं काम. हरिताला पहिल्या तुकडीत परत घ्या आणि तसं मला आठ दिवसांत लेखी कळवा. फोन करू नका. आयुष्य टेलिफोन खात्यात गेलं म्हणूनच सांगते, फोनवर बोललेलं माणूस दुसऱ्या दिवशी नाकारतो.

कमलाक्षी


‘अनुमान’ अभ्यासवर्ग, तंजावूर
शनिवार, ९ ऑगस्ट २०२५

मा. कमलाक्षीबाई यांना सादर नमस्कार.

आपलं पत्र पोचलं. ते दोनदा वाचलं. पान एकेचाळीसही पुन्हा वाचलं, तेव्हा तो टोमणा लागू पडला असं समजावं.

माझं कुटुंब मूळ इथलंच, पण माझा जन्म आणि शिक्षण पुण्याचं. वर्ग काढायला दोन वर्षांपूर्वी परत आलो. इथली मुलं माझ्याशी मराठीत दोन वाक्यं बोलली तरी मला बरं वाटतं, आणि हरिता तर लिहूही लागली आहे. तिच्याबद्दल माझ्या मनात आकस असेल, हे तरी गृहीत धरू नये.

आपण जी कारणं मागता ती माझ्याकडे आहेत. पण काही गोष्टी मुलीने विश्वासाने सांगितलेल्या असतात. ती उशिरा का येते ते मला माहीत आहे, म्हणूनच मी तिला त्यावरून कधी बोललो नाही. आपल्या घरात जे चाललं आहे त्याचा भार सतरा वर्षांच्या मुलीवर पडू नये, एवढाच माझा हेतू होता. परीक्षा पुढच्या वर्षीही आहे. घर आधी.

याहून अधिक लिहायला लावू नये. सोबत आमच्या कार्यालयातल्या भुवनेश्वरीबाईंच्या हातून सहा मोसंबी पाठवत आहे. काही मदत लागली तर संकोच करू नका.

आपला,
सेतुराम


तंजावूर
सोमवार, ११ ऑगस्ट २०२५

श्री. सेतुराम यांस,

मोसंबी?

मोसंबी आजाऱ्याला पाठवतात. या घरात मी एकटी राहते आणि मी आजारी नाही. गुडघा दुखतो, पण तो जिना चढताना, आणि त्याला मोसंब्याने उतार पडत नाही. तुमच्या भुवनेश्वरीबाई दारात उभ्या राहून माझ्याकडे अशा बघत होत्या की मला वाटलं मागे कुणी आडवं निजलेलं आहे की काय, म्हणून मीच वळून पाहिलं. जाताना माझा हात दाबला आणि म्हणाल्या, “धैर्य सोडू नका, अम्मा.” पुढे दोन दिवस समोरची विनुता खिडकीतून डोकावते आहे. काल विचारलंन, “काय ग, रिपोर्ट आला का?” कसला रिपोर्ट?

माझ्या घरात काय चाललं आहे, हे मला तुमच्याकडून कळलं पाहिजे, अशी वेळ आली. कुणी काय सांगितलं? सुरेंद्रने? माझ्या भावाला मी चांगली ओळखते, पण माझ्याविषयी खोटं रचण्याइतकी कल्पनाशक्ती त्याच्यात नाही.

आणि उशिरा? हरिता उशिरा येते? साडेपाचच्या वर्गाला पाच अठ्ठावीसला पोचणारी मुलगी उशिरा आली, तर पुण्यात घड्याळं वेगळी असतील.

मी कॉन्व्हेंटात शिकले. आमच्या सिस्टर आग्नेस म्हणायच्या, आरोप करायचा तर तोंडावर करा, पाठीमागे करायचा तर मनात ठेवा. तुम्ही तिसराच मार्ग काढलात, मोसंबी पाठवलीत. मुलीने जे लिहून दिलं असेल किंवा सांगितलं असेल ते शब्दशः लिहून पाठवा. एक अक्षर गाळू नका. विश्वासाची गोष्ट असेल तर मीही विश्वासातलीच आहे, तिचं नाव मी ठेवलं आहे.

शुक्रवारपर्यंत.

कमलाक्षी


‘अनुमान’ अभ्यासवर्ग, तंजावूर
गुरुवार, १४ ऑगस्ट २०२५

मा. कमलाक्षीबाई,

आपण शब्दशः मागितलंत, म्हणून तिच्या कागदावरून उतरवतो. जुलैअखेर मी प्रत्येकाला एक प्रश्न दिला होता : ‘माझे गुण कमी येण्याचं कारण.’ बाकी सगळ्यांनी इंग्रजीत किंवा तमिळमध्ये लिहिलं. हरिताने माझ्यासाठी म्हणून मराठीत लिहिलं, ते असं :

‘जुलैपासून संध्याकाळी आत्याकडे जातें. तिथे रोज प्रसंग असतो. मध्येच उठून येववत नाही. म्हणून उशीर होतो.’

बाई, रोज प्रसंग. हे वाचून मी काय समजायचं होतं? दुखणं असेल, घरात भांडण असेल, कुणाचं पिणं असेल. आणि मुलगी म्हणते, मध्येच उठून येववत नाही. सतरा वर्षांची मुलगी कुणाला तरी सोडून निघू शकत नाही, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हललं नाही. चौकशी करणं असभ्य वाटलं. वर्गात मी बोललो ते हळू बोललो होतो, पण खोली लहान आहे. ते चुकलंच.

उशिराबद्दल सांगतो. ८ जुलैपासून मंगळवारचा पेपर साडेपाचला नव्हे, पाचला सुरू होतो. सूचना फळ्यावर पंधरा दिवस होती. पेपर एका तासाचा, चाळीस प्रश्नांचा. हरिता पाच अठ्ठावीसला येते.

आपल्या पत्रानंतर मी तिच्या उत्तरपत्रिका पुन्हा काढल्या. हे मी आधीच करायला हवं होतं. पाच ऑगस्टला मी तिला पेपर दिलाच नाही, पण त्याआधीचे चारही सारखेच आहेत. ती साधारण चोवीस प्रश्न सोडवते, त्यांतले बावीस-तेवीस बरोबर असतात. उरलेले सोळा कोरे. मी फक्त बेरीज बघितली होती.

आता एकच विचारतो, आणि रागावू नका. आपल्या घरात प्रसंग कोणता आहे?

आपला,
सेतुराम


पापनाशम
१८ ऑगस्ट

ती. आत्यास हरिताचा शि. सा. न.

तुझं पत्र अप्पांच्या कचेरीच्या पत्त्यावर आलं. अप्पांनी उघडलं, पण त्यांना देवनागरी येत नाही, म्हणून त्यांनी मलाच वाचायला सांगितलं. “हरिता, खरं सांगितलं नाहीस तर वहीतली एकही पोळी तुला मिळणार नाही” हे मोठ्याने वाचलं तेव्हा अप्पा हसले. अम्मा पण.

खरं सांगते. प्रसंग म्हणजे प्रसंगच. तू करतेस तो. आपण डांगर वाचत होतो, त्यात ‘हिंग भुरभुरून’ असं आलं, तर तू हिंगावरून सिस्टर आग्नेसवर गेलीस, तिथून इंदिरा नगरच्या पुलावर, तिथून ‘मुलींनी सही करताना पूर्ण नाव कां लिहावं’ यावर. पाऊण तास. शाळेत आम्ही याला प्रसंगमच म्हणतो, स्पर्धा असते. मला वाटलं मराठीत पण तेच. सेतुराम सर मराठी आहेत ना, त्यांना कळेल वाटलं. त्यांनी तुला मोसंबी पाठवलेली ऐकून मी दोन तास पोट धरून हसत होतें.

वर्गाची वेळ बदलली ते मी तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू चार वाजून पंचेचाळीसला मला उठवलं असतंस, तुझं वाक्य अर्धं राहिलं असतं तरी. मला ते अर्धं नको होतं. मी मनात म्हटलं, पेपर दर मंगळवारी येतो. हा तर्क चुकीचा होता, आता कळतं. गृहीतक : डिसेंबर लांब आहे.

पण तुझ्यावर आळ आला, त्याला कारण मी. तू सरांना माझ्याबद्दल वाईट लिहू नको. त्यांच्याबद्दल पण जास्त लिहू नको.

मला परत यायचंय. दोन्हीकडे. अप्पा म्हणतात, सर काय म्हणतात ते आधी बघू.

तुझी
हरिता सुरेंद्र (पूर्ण नाव लिहिलंय)


तंजावूर
बुधवार, २० ऑगस्ट २०२५

श्री. सेतुरामराव,

तुम्ही विचारलंत, माझ्या घरात प्रसंग कोणता. उत्तर असं आहे की प्रसंग मी आहे.

हरिताचं पत्र सोबत जोडलं आहे. वाचून परत करा, मला ते ठेवायचं आहे. तमिळमध्ये प्रसंगम म्हणजे भाषण, प्रवचन. आमच्या कॉन्व्हेंटात शुक्रवारी चॅपलमध्ये फादर जे करायचे त्याला आम्ही सगळ्या प्रसंगम म्हणायचो आणि शेवटच्या बाकावर बसून चिंचा खायचो. या गावात तीनशे वर्षं राहून आपल्या मराठीने बरंच काही उचललं. आमच्या घरी ‘आज देवळात प्रसंग आहे’ म्हटलं तर कुणी मोसंबी आणायला धावत नाही. तुमच्या आजीला हे ठाऊक असणार. पुण्याला जाताना कुणीतरी हा शब्द इथेच विसरलं.

तुमच्या पुस्तिकेतली पद्धत मी वापरून पाहिली : गृहीतक उलटं करा, युक्तिवाद कोसळला तर तेच खरं गृहीतक. तुमचं गृहीतक होतं, ‘हरिताच्या आणि माझ्या तोंडी प्रसंग या शब्दाचा अर्थ एकच आहे.’ हे उलटं केलं. तुमचा सगळा डोलारा, भुवनेश्वरीबाईंच्या हातदाबणीसकट, खाली आला. मला फार आनंद झाला. एक मोसंबं सोललं.

ते खाताना लक्षात आलं की माझ्या पहिल्या पत्रातही एक वाक्य उलटं करायचं राहिलं आहे. ‘एक दिवस उशीर केलेला नाही.’ तेही केलं. सेतुरामराव, तो आनंद फार टिकला नाही.

मी फक्त वेळ पाहिली. कुठल्या घटनेची वेळ, ते विचारलं नाही. सदतीस वर्षं मी लोकांना सांगत आले की कॉल लागल्याची वेळ लिहू नका, बोलणं सुरू झाल्याची लिहा. आणि माझ्या पहिल्या पत्राच्या पहिल्या ओळीत, ठळकपणे, अभिमानाने, पाच अठ्ठावीस लिहिलंय. तो तुमच्या अन्यायाचा पुरावा म्हणून लिहिला होता. तो माझ्याविरुद्धचा निघाला. मुलगी अठ्ठावीस मिनिटं उशिरा पोचली, कारण मी बोलत होते.

तुम्ही म्हणालात, आत्यामुळे गुण उतरले. तुमची सगळी कारणं चुकीची होती. आजार नाही, भांडण नाही, कुणी पीत नाही. पण आत्यामुळेच उतरले. तुमचा युक्तिवाद पडला आणि निष्कर्ष तसाच उभा राहिला. युक्तिवाद पडला की निष्कर्षही खोटा, हे मी गृहीत धरलं होतं. तुमच्या पान एकेचाळीसवर हे नाही. घाला. उदाहरण फुकट देते.

तर शुक्रवारचं पाणी मी होते. बाजार नव्हे. हे लिहायला मला दोन दिवस लागले, त्यामुळे माझ्या हस्ताक्षरावरून काही अनुमान काढू नका.

मुलीला मात्र यातलं काही लागू नये. तिच्या चोवीस प्रश्नांपैकी तेवीस बरोबर येतात, तेही निम्म्या वेळात, तेही सिस्टर आग्नेसवरचं पाऊण तासाचं भाषण ऐकून. अशी मुलगी दुसऱ्या तुकडीत बसवायची असेल तर पहिल्या तुकडीत कोण बसतं, ते मला बघायला यावं लागेल, आणि तुमची खोली लहान आहे.

आता माझ्या मागण्या. राग आहे, पण थोडा माझ्या वाट्यालाही दिला आहे, म्हणून आवाज खाली ठेवते.

मंगळवार, २६ ऑगस्टचा पेपर हरिताला पूर्ण साठ मिनिटं द्या. तुकडी त्यानंतर ठरवा, बेरीज पाहून नव्हे, कागद पाहून. तुमच्या नोंदवहीत तिच्या नावापुढे ‘घरगुती अडचण’ की काय लिहिलं असेल ते खोडा. एकवीस मुलांसमोर जे बोललात ते त्याच एकवीस मुलांसमोर दुरुस्त करा, या वेळी हळू आवाजात नको.

माझ्या बाजूने : सुरेंद्रशी मी बोलले. प्रत्यक्ष, पापनाशमला जाऊन, फोनवर नव्हे. वाचन पुन्हा सुरू होईल. वही साडेचारला मिटेल. मी गजराचं घड्याळ आणलं आहे आणि ते हरिताच्या बाजूला ठेवणार आहे, माझ्या नव्हे. वाजलं की मी वाक्याच्या मध्ये असले तरी तिने उठायचं. राहिलेलं अर्धं वाक्य दुसऱ्या दिवशी तिने मला विचारायचं, असं ठरलं आहे. बघू, मला आठवतं का.

मोसंबी चांगली होती. चार उरली होती. त्यांतली दोन विनुताला दिली, रिपोर्ट चांगला आला म्हणून.

उत्तर लेखी हवं, सोमवार २५ ऑगस्टला दुपारी साडेचारच्या आत. पण ते मला पाठवू नका. माझ्याबद्दल, तिच्या बापाबद्दल, तुमच्या हेतूंबद्दल आपण दोघांनी चार पत्रं लिहिली, आणि ज्या मुलीचं वर्ष चाललं होतं तिला काय हवं आहे, ते एकदाही विचारलं नाही. म्हणून हरिताला लिहा. देवनागरीत लिहा, जोडाक्षरांना घाबरू नका. ती माझ्या समोर बसून मोठ्याने वाचेल, आणि मी मध्ये एक शब्द बोलणार नाही.

कमलाक्षी